नववीत दम कुठे जातो?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी २९ वर्षांची, माण-खटाव भागातल्या एका गावची, सध्या साताऱ्यात खोली घेऊन राहते. शाळा-कॉलेजात १५०० आणि ३००० मीटर धावायची, आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत गेली. बी.पी.एड., एम.पी.एड. झालं. एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि पहाटे आठवी ते दहावीच्या मुलींकडून पैसे न घेता धावण्याचा सराव करून घेते. ती लिहिते, 'सातवी-आठवीपर्यंत पोरांना मागे टाकणाऱ्या पोरी नववीत ढेपाळतात. १४ जणी होत्या, दहावीत ३ उरल्या. नववीत यांचा दम कुठे जातो कळत नाही. सगळे म्हणतात आळशी झाल्या.' तिला किशोरवयीन मुलामुलींच्या एक्सरसाइज फिजिऑलॉजीत, म्हणजे व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्रात, पीएच.डी. करून पुढे संशोधनातच राहायचं आहे.

समोर तीन वाटा आहेत. इंग्लंडमधले एक प्राध्यापक मार्गदर्शन करायला तयार आहेत, पण शिष्यवृत्ती नाही. वडील जमिनीवर कर्ज काढतो म्हणतात. दुसरी वाट शिवाजी विद्यापीठातून शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करण्याची, पण 'इथे ना लॅब ना मशीन, आणि एम.पी.एड.वालीला फिजिऑलॉजीत कोण विचारणार?' तिसरी, पोलीस भरतीच्या अकॅडमीत महिना २५ हजारांची नोकरी. घरात लग्नाचा विषय रोज निघतो. शिवाय एक बोच: 'संशोधनात शिरले तर मैदानावरच्या पोरींना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल. आधीच आमची सगळ्यात चांगली पोरगी गेले दोन महिने दोन फेऱ्यांतच खाली बसते. तिची आई म्हणते अभ्यासाचं टेन्शन आहे. मी हा संशोधनाचा नाद सोडू का?'

उत्तर:

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंस आणि पुढे गेलीस. 'नववीत यांचा दम कुठे जातो कळत नाही.' मी ३१ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. पीएच.डी.साठी येणाऱ्यांकडे गुण असायचे, शिफारसपत्रं असायची, इंग्रजी चांगलं असायचं. प्रश्न मात्र नसायचा. तो गाइड देतात अशीच त्यांची समजूत असायची. तुझ्याकडे प्रश्न आधी आला आहे, तोही मैदानावरून. म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलू. वाटा कुठल्या घ्यायच्या ते त्यातूनच बरंचसं सुटेल.

'आळशी झाल्या' हे उत्तर तुलाही पटलेलं नाही, नाहीतर तू पत्र लिहिलं नसतंस. शरीरात काय घडतं ते बघ. दहा-अकरा वर्षांच्या मुलात आणि मुलीत व्यायामाच्या वेळी ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल क्षमतेत फार अंतर नसतं, मुलगा साधारण १० टक्के पुढे असतो. म्हणून तुझ्या सातवीतल्या पोरी पोरांना गाठतात, मागेही टाकतात. त्यात मुलींच्या उंचीची झेप बाराव्या वर्षाच्या आसपास येते आणि मुलांची दोनेक वर्षं उशिरा, म्हणजे त्या वयात मुलीच्या टांगा लांब झालेल्या असतात आणि शेजारचा मुलगा अजून चिमणाच असतो. मग चित्र पालटतं. वयात येताना मुलाचे स्नायू वाढतात, हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणारा घटक, वाढतं. मुलीच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, जे निरोगी आणि आवश्यकच असतं, आणि हिमोग्लोबिन मात्र तिथल्या तिथे राहतं. सोळाव्या वर्षी दोघांच्या क्षमतेतलं अंतर ३५ टक्क्यांच्या आसपास गेलेलं असतं. यात आळस कुठेच नाही.

आता गंमत पुढे आहे, आणि तुला संशोधक व्हायचं असेल तर ती नीट समजून घे. ऑक्सिजन वापरण्याची ही कमाल क्षमता, धावपटू जिला 'व्हीओटू मॅक्स' म्हणतात, ती आपण वजनाने भागून सांगतो, किलोमागे इतके मिलिलीटर. समजा, तुझी एक मुलगी सातवीत ४० किलोची होती आणि मिनिटाला १.८ लिटर ऑक्सिजन वापरायची. भागाकार केला की ४५ आले. नववीत ती ५० किलोची झाली आणि २ लिटर वापरू लागली. भागाकार ४०. तिचं हृदय, तिची फुप्फुसं, तिचे स्नायू आधीपेक्षा जास्त काम करताहेत आणि कागद म्हणतो पोरगी घसरली. मुलांच्या वाढीचे मोठे अभ्यासक जे. एम. टॅनर यांनी १९४९ सालीच दाखवून दिलं होतं की असा सरळ वजनाने केलेला भागाकार फसवतो. इतकी वर्षं झाली, तरी आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत तो डोळे मिटून केलेला असतो. वजन किती वाढलं, त्यातला स्नायू किती, चरबी किती, पाळी येऊन किती महिने झाले, हे सोबत नोंदवल्याशिवाय नववीतल्या मुलीबद्दल काही बोलूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मूल म्हणजे लहान आकाराचं मोठं माणूस, असं समजण्याची चूक मीही केली आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत मी हार्वर्ड स्टेप टेस्ट घेतली. १९४३ साली अमेरिकेत धडधाकट तरुणांसाठी बनवलेली ही चाचणी: २० इंचांचा ठोकळा, मिनिटाला ३० वेळा चढउतार, पाच मिनिटं. मी तोच ठोकळा पाचवी-सहावीच्या मुलांपुढे ठेवला. बुटकी मुलं धडाधड बाद झाली आणि मी त्यांच्या नावापुढे 'क्षमता कमी' असं लिहिलं. ठोकळा मोठ्यांच्या पायांसाठी होता. त्यांचे गुडघे कंबरेपर्यंत उचलले जात होते आणि मी हृदयाचे ठोके मोजत बसले होते. त्यातला एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला होता, 'मॅडम, मी रोज तीन किलोमीटर चालत येतो.' ते वाक्य मी वहीत लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

त्या मुलाने मला जे सांगितलं ते शास्त्रालाही मोजून घ्यावं लागलं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात नील आर्मस्ट्राँग (चंद्रावर गेलेले ते वेगळे) यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीचशेहून अधिक शाळकरी मुलांच्या हृदयाचे ठोके दिवसभर नोंदवले आणि १९९० साली ते प्रसिद्ध केलं. मुलं फार कमी हालचाल करत होती, आणि मुली तर त्याहून कमी. पण पुढच्या कामातून असंही दिसत गेलं की त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता काही ढासळलेली नव्हती. म्हणजे दम ही एक गोष्ट आणि रोजची हालचाल ही वेगळी. तुझ्या १४ जणींपैकी ११ गेल्या. त्यातल्या किती जणींचा दम खरंच गेला, आणि किती जणींचं फक्त येणं थांबलं? क्लासची वेळ बदलली, मैदानावर कपडे बदलायला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कुणाला सांगायचं कळत नाही, काका म्हणाले आता मोठी झालीस. हे दोन प्रश्न वेगळे केलेस तर तुझा प्रबंध उभा राहिला. एकाचं उत्तर शिट्टी आणि घड्याळाने मिळेल, दुसऱ्याचं त्या अकरा घरांत जाऊन, ओट्यावर बसून.

आणि हा प्रश्न साताऱ्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी असं सांगते. २०१६ सालच्या आकड्यांनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तिथवर पोचत नव्हती; मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं. आपल्या भागात एक समज आहे की माणदेशी पोरं काटकच असतात. मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या, त्याचा अभिमान मलाही आहे. पण एक जण तिथवर पोचली यावरून वर्गातल्या बाकीच्या जणी का थांबल्या ते कळत नाही. ते कळण्यासाठी कुणीतरी थांबलेल्यांची नोंद ठेवायला हवी.

आता 'इथे ना लॅब ना मशीन'. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांना १९२२ चं नोबेल मिळालं. ऑक्सिजन वापराची कमाल मर्यादा असते ही कल्पना त्यांनी मांडली ती गवतावर गोल गोल धावून, पाठीला हवा गोळा करायची पिशवी बांधून, आणि धावणाऱ्यांत ते स्वतः होते. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. त्यांच्याजवळ ट्रेडमिल नव्हती, आजारपणाच्या नोंदी होत्या आणि विचार होता. तुला माहीत असलेली बीप टेस्ट कॅनडात ल्यूक लेजे यांनी १९८० च्या दशकात बसवली: २० मीटरवर दोन रेषा आणि एक कॅसेट, तिच्यावरचा पुढचा बीप वाजायच्या आत पलीकडची रेषा गाठायची. त्याच चाचणीची ५० देशांतल्या ११ लाखांहून अधिक मुलांची मापं एकत्र करून २०१७ साली तुलनेचे तक्ते तयार झाले. हे सगळं शाळेच्या मैदानावर होतं. फक्त जमीन सपाट हवी, अंतर टेपने मोजलेलं हवं, आणि दर वेळी तोच माणूस, त्याच वेळी, त्याच पद्धतीने मोजणारा हवा.

यंत्रं लागतात, नाही असं मी म्हणणार नाही. श्वासातला वायू मोजणारं यंत्र वापरल्याशिवाय काही प्रश्नांना हात घालता येत नाही. पण ते यंत्र आपल्या मालकीचं असावं लागत नाही. साताऱ्याहून कराड तास-दीड तासावर. तिथे वैद्यकीय विद्यापीठ आहे, त्यात फिजिओथेरपी आहे. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, आणि आता साताऱ्यातही झालं आहे. तिथल्या शरीरक्रियाशास्त्र विभागात जा, कुठलं उपकरण आहे, कधी मोकळं असतं ते विचार. मी विभागात होते तेव्हा वर्षातले कितीतरी दिवस उपकरणावर कापड झाकलेलं असायचं, कारण विचारायला कुणी यायचं नाही. उंचीपट्टी, बैठी उंची घ्यायचं स्टूल, वजनकाटा, चरबीची घडी मोजायचा चिमटा, छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा, एवढ्यात तुझं पहिलं दीड वर्ष निघेल.

खेड्यातली मुलं मोजून जगाला शिकवलेलं उदाहरण तर आपल्या शेजारीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. आई गरोदर राहण्याआधीपासूनच्या नोंदी, मग बाळ, मग तेच बाळ शाळेत, मग तरुण. त्यातून कळलं की आपलं नवजात बाळ इंग्लंडमधल्या बाळापेक्षा पाऊण किलोने हलकं असतं, स्नायू कमी असतात, पण चरबी तेवढी कमी नसते. दिसायला किरकोळ, आतून चरबी राखून असलेलं. त्यावर आज मधुमेहाचं जगभरातलं संशोधन उभं आहे. आपली किडकिडीत अंगाची पोरगी 'बारीक आहे म्हणजे फिट आहे' असं धरायचं नाही, हे या सहा गावांनी शिकवलं. पण वयात येताना अशा मुलीचा स्नायू व्यायामाने कसा, किती वाढतो? हा पुढचा प्रश्न तुझ्या मैदानाचा आहे.

'एम.पी.एड.वालीला कोण विचारणार' यात थोडं तथ्य आहे, ते लपवत नाही. पेशी, स्नायूची रसायनं, संख्याशास्त्र यांत तू कच्ची असशील. ते शिकता येतं. एका वर्षात बरंच शिकता येतं. पण नववीतली मुलगी तुझ्याशी पाळीबद्दल बोलेल, पांढऱ्या कोटातल्या अनोळखी माणसाशी नाही. ती कधी जीव तोडून पळते आणि कधी उगाच पाय ओढते हे तुला लांबून कळतं. चाचणीत मुलाने खरंच जीव लावला की नाही हे ओळखणं ही लहान मुलांच्या फिजिऑलॉजीतली मोठी अडचण आहे, कारण मोठ्यांच्या आलेखात जसं शेवटी पठार दिसतं, म्हणजे वेग वाढला तरी ऑक्सिजनचा वापर वाढायचा थांबतो, तसं मुलांच्या आलेखात बहुतेकदा दिसतच नाही. तिथे तुझी नजर कामी येईल. म्हणून मार्गदर्शक शारीरिक शिक्षणातले घे आणि सहमार्गदर्शक वैद्यकीय शाखेतले शरीरक्रियाशास्त्राचे मिळव. नियमांत तशी सोय आहे. प्रवेशासाठी धावपळ करण्याआधी गाइडकडे जागा आहे का ते विचार, कारण यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ च विद्यार्थी एका वेळी घेता येतात. बरेच जण इथेच अडकतात आणि समजतात की आपली लायकी कमी पडली.

इंग्लंडचं. जमिनीवर कर्ज काढून पीएच.डी.ला जाऊ नकोस. इतकं स्पष्ट मी सहसा लिहीत नाही. पीएच.डी. संपली की हमखास नोकरी असं तिथेही नाही, इथेही नाही, आणि माण-खटावात जमिनीवरचं कर्ज म्हणजे काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिवाय एक विचार कर: तिथे गेलीस तर तिथली मुलं मोजशील. प्रश्न इथला घेऊन जाशील आणि उत्तर दुसऱ्याच मुलींचं आणशील. त्या प्राध्यापकांना नकार मात्र देऊ नकोस. त्यांना लिही की मी काम इथे करते आहे, पद्धतीबद्दल तुमचा सल्ला हवा. चांगली माणसं अशा पत्राला उत्तर देतात. कॉमनवेल्थ किंवा राज्य शासनाची परदेशी शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर जा. इथली पीएच.डी. झाल्यावर पुढच्या संशोधनासाठी पगारावर जाण्याचीही वाट असते, आणि तेव्हा हातात स्वतःची मापं घेऊन जाशील.

पैशांचं गणित आता मांडू. फिजिकल एज्युकेशन हा नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा विषय आहे, परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्यातून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार, वर घरभाडं. जेआरएफला वयाची अट ३० ची आहे हे वाचून तू घाबरली असशील, पण महिलांना ५ वर्षांची सूट आहे. म्हणजे तुझ्या हातात अजून बऱ्याच संधी आहेत. प्रवर्गानुसार सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिप असतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. फेलोशिपचे हप्ते दर महिन्याला वेळेवर पडतील असं धरून चालू नकोस. सहा महिन्यांचा खर्च गाठीला असेल तरच पूर्ण वेळ उतर. नाहीतर नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी.ची सोय नियमांत आहे, नोकरी देणाऱ्याचं ना हरकत पत्र लागतं.

इथे अकॅडमीची नोकरी येते. ती तू तुच्छतेने लिहिली आहेस असं मला वाटलं, आणि ते बरोबर नाही. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्या १८-२० वर्षांच्या मुलींना नीट, पायाच्या नळ्या न दुखवता धावायला शिकवणारी बाई तिथे फार गरजेची आहे. मी तुझ्या जागी असते तर एक वर्ष ही नोकरी घेतली असती, पण संध्याकाळची पाळी मागून. सकाळ मुलींची, दुपारी दोन तास नेटचा अभ्यास, पगारातले निम्मे बाजूला. दोन प्रयत्नांत जेआरएफ आली तर पूर्ण वेळ, नाही आली तर अर्धवेळ. संध्याकाळची पाळी द्यायला ते तयार नसतील तर ती नोकरी सोडून दे. सकाळ गेली तर तुझा प्रश्नच हातातून जाईल.

पुढे नोकरी मिळेल का? कायम प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात आणि भरती रखडते, हे तू तासिका तत्त्वावर राहून रोज बघतेस. पण व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र जाणणाऱ्यांना आता क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांवर, आरोग्यविषयक संशोधन प्रकल्पांत आणि क्रीडाविज्ञान शिकवणाऱ्या नव्या संस्थांत घेतात. त्यासाठी प्रबंधाच्या जाडीपेक्षा मोजमापाचा हात, संख्याशास्त्र आणि दोन चांगले शोधनिबंध कामाला येतात. लग्नाबद्दल मी फार बोलणार नाही, तो निर्णय तुझा. एवढंच सांगते की 'पीएच.डी. म्हणजे लग्न नाही' असं घरच्यांनी धरलं असेल तर ते चूक आहे. महिलांना पीएच.डी. पुरी करायला नियमाने २ वर्षं जास्त मिळतात, बाळंतपणाची २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. स्थळ बघायला येईल तेव्हा पहाटे मैदानावर जाते हे पहिल्याच भेटीत सांग. आणि आईला एकदा पहाटे सोबत ने. ज्या पोरी तिला 'मॅडम उद्याही येणार ना' म्हणून विचारतील, त्यांचं ती तुझ्यापेक्षा जास्त ऐकेल.

आता ती बोच, पोरींना वाऱ्यावर सोडण्याची. मला उलटी काळजी वाटते. तू संशोधनात शिरलीस की त्यांना सोडणार नाहीस, त्यांना मोजायला लागशील, आणि तिथे खरा धोका आहे. ज्या ताईच्या शब्दावर पोरी घाटात पळतात त्या ताईला 'मला चाचणी द्यायची नाही' असं त्या म्हणूच शकत नाहीत. म्हणून तुझ्या स्वतःच्या गटातल्या मुली अभ्यासात घेऊ नकोस. घेतल्यास तर विचारणारी आणि मोजणारी व्यक्ती दुसरी हवी. अठराच्या आतल्या मुलांवरच्या संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते, पालकांची लेखी संमती लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यावरच्या मुलांची लेखी मान्यताही घ्यावी लागते. हेडमास्तरांची सही म्हणजे संमती नव्हे. नोंदवहीत पाळीचा रकाना असेल तर ती वही कपाटात, कुलपात. आणि मापं घेतलीस की त्यातलं काहीतरी मुलीला परत दे: तुझी उंची इतकी वाढली, तुझा वेळ इतका सुधारला. नुसती मापं घेऊन जाणारे लोक शाळांनी पुष्कळ पाहिले आहेत.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून अशीच पत्रं मला येतात. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, एखादा कुस्तीतला पोरगा ज्याला वस्तादांच्या खुराकाचं शास्त्र शोधायचं आहे. त्यांनाही हेच लागू आहे. आधी वर्षभर एका वहीत तारीख टाकून नोंदी ठेवा. वर्षाच्या शेवटी त्या वहीतून एक प्रश्न निघाला, जो तुम्हाला झोपू देत नाही, तर गाइडकडे जा. नाही निघाला, तर तुम्ही चांगले प्रशिक्षक आहात, तेच करा. त्यात कमीपणा काही नाही.

आता तुझ्या पत्रातली ती मुलगी, दोन फेऱ्यांत खाली बसणारी. तिच्यासाठी पीएच.डी.ची वाट बघू नकोस. या आठवड्यात तिच्या आईला घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि तिचं हिमोग्लोबिन तपासून घे. देशात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. तिच्या वयाला हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कारण अभ्यासाचं टेन्शन नव्हे, रक्त कमी आहे. आकडा १२ च्या वर आला तरी डॉक्टरांना फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी विचार, कारण रोज धावणाऱ्या, पाळी सुरू झालेल्या मुलीचा लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर पडतं. पाळीत रक्त जास्त जातं का, सकाळी काही खाऊन येते का, शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खाते की दप्तरात ठेवते, हे तू विचार. तुला ती खरं सांगेल. तोवर तिला वेळ लावून पळवू नकोस. चालू दे, दोरी धरू दे, बाकीच्यांच्या फेऱ्या मोजू दे, पण मैदानावर येऊ दे. काय निघालं ते मला कळव.